तिसरी ओळ

आण्णा, आज सकाळी गारगोटीहून एका बाईंचा फोन आला आणि तेव्हापासून मी तुमच्यावर चिडले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी. या बाई कचेरीबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज टाईप करून देतात. त्यांच्यासारख्यांसाठी मी टेक्स्ट एडिटरला, म्हणजे टाईप करायच्या सॉफ्टवेअरला, जोडायचा एक छोटा प्लगइन लिहिला आहे, तो टायपिंगमधली चूक पकडतो. बाई म्हणाल्या, "अवो मॅडम, ह्यो प्लगइन हाय का सासू? बोट उचलायच्या आत वरडतंय, कर्सर मागं वडून नेतंय. समोर माणूस गाऱ्हाणं सांगाय लागलंय, त्येचं वाक्य तरी पुरं हू दे की! काढूनच टाकलंय बघा."

मी हसले, माफी मागितली आणि कोड उघडला. एडिटर प्लगइनला प्रत्येक हालचालीची खबर देत असतो. अक्षर उमटलं, कर्सर हलला, फाईल सेव्ह झाली. यातल्या कोणत्या खबरेवर प्लगइननं उठायचं ते लिहिणाऱ्यानं ठरवायचं. हात थांबेपर्यंत वाट पाहता येते, सेव्ह होईपर्यंतही पाहता येते. मी त्याला प्रत्येक अक्षरावर उठायला सांगितलं होतं, आणि दुसरं काही करता येईल असं मनातही आलं नव्हतं. ही घाई माझी नाही, आण्णा. ती तुमच्या टायपिंग क्लासातून आली आहे.

पत्र्याखाली बारा मशीनं आणि पाठीमागं फिरणारे तुम्ही. चूक दिसली की रोलरमधून कागद ओढून काढायचा आणि चुरगाळायचा. "घाल दुसरा." पुढच्या ओळी वाचायच्याच नाहीत. आणि घरी तुमचा दुसरा नियम, काहीही हवं असेल तर टाईप केलेला अर्ज द्यायचा. पन्हाळ्याच्या सहलीसाठी अर्ज, चपलांसाठी अर्ज. आई म्हणायची, "मीठ संपलंय, अर्ज करू का?" पाहुण्यांना तुम्ही हे कौतुकानं सांगायचात. हे दोन्ही नियम एकाच पोरीवर एकाच वेळी येऊन पडले तर तिचं काय होईल, हा विचार तुम्हाला एकदाही शिवला नाही?

बारावीनंतरचा रविवार. क्लास बंद आहे आणि मी खिडकीजवळच्या मशीनवर बसले आहे. पहिल्या ओळीत तुमचं नाव. दुसरीत विषय, फॉर्मवर सही मिळणेबाबत. तिसरीत मागणं, की पुण्याला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला प्रवेश मिळतो आहे आणि उद्या शेवटचा दिवस आहे. तुम्ही कधी मागं येऊन उभे राहिलात ते कळलंच नाही. दुसऱ्या ओळीत एक अक्षर दोनदा उमटलं होतं. "विषयातच चूक? काढ त्यो कागद." मी हात लावायच्या आत तुम्हीच तो ओढलात. तिसरी ओळ तुमच्या मुठीत गेली.

सोमवार निघून गेला. मी इथंच बी.एस्सी. केलं आणि कोड लिहायला फार उशिरा, एकटीनं शिकले. तुम्ही मात्र सगळ्यांना सांगत राहिलात, "आमची पोरगी घर सोडून जाणारी न्हाय." ते ऐकत मी चहाचे कप गोळा करायची. तुम्ही नाही म्हणाला असता तर मला भांडता तरी आलं असतं. पण तुम्ही नाही म्हटलंच नाहीत. मी काय मागत होते हेसुद्धा तुम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही, याचा राग येतो.

संध्याकाळपर्यंत मी बदल केला. आता प्लगइन हात थांबेपर्यंत गप्प बसतो. बाईंना पुन्हा घालून बघायला सांगितलं. "आता माणसात आलं बघा. पर एवढं आधीच का न्हाय सुचलं?" मी म्हटलं, चुकलं. एवढं सोपं होतं ते.

हे पत्र मी सेव्ह न करताच बंद करणार आहे. पण गेली कित्येक वर्षं डायरीत हा रविवार लिहिताना मी एक गोष्ट गाळत आले आहे. कागद ओढल्यावर तुम्ही निघून गेला नव्हता. मी दुसरा कागद घातला आणि तुम्ही मागं हात बांधून उभे राहिलात, बराच वेळ. "हं, कर की," म्हणालात. माझी बोटं मशीनवर होती. मी सरावाचा उतारा टाईप केला, पानभर, एकही चूक न करता. तुम्ही पान शेवटपर्यंत वाचलंत आणि म्हणालात, "शाब्बास."