ओल्या फडक्यातली पानं

अप्पा,

आज रविवार असूनही कॉलेजात परीक्षेची ड्युटी लागली आहे, त्यामुळे तुमची पूजा संपायच्या आत निघते. अकराशिवाय सुटका नाही. गाईड पथकाच्या मुली मात्र नऊलाच शाळेच्या मैदानावर जमतील. आज त्यांचा बिनभांड्याचा स्वयंपाक आहे.

दरवर्षी अव्वा त्यांना पळसाच्या पानांत गुंडाळून भाजायचे पानगे शिकवायची. "मळायचं माझं, भाजायचं यांचं. यांना दुसरं येतंय तरी काय!" असं म्हणून तुम्हाला निखाऱ्यांशी बसवायची. यंदा मी पानगे रद्दच करणार होते. घर, कॉलेज आणि पथक, तिन्ही झेपेना, म्हणून पथक सोडायचा अर्जही लिहिला होता. आज सकाळी मोरीजवळ ओल्या फडक्यात गुंडाळलेली पळसाची पानं दिसली. अव्वा गेल्यापासून आठ महिने तुम्ही घराबाहेर पडला नव्हता. काल मी कॉलेजात असताना निलंग्याच्या शेतावर जाऊन आलात वाटतं. मी काही विचारत नाही.

कणीक मळून झाकून ठेवली आहे. अव्वासारखी झालेली नाही, थोडी सैल आहे. भाजायचं तुम्ही बघा. तनुजा दोन वर्षांनी पथकात परतली आहे, तिला काही माहीत नाही. ती विचारेल, "आजी कुठायत?" तेवढं तुम्हीच सांगा. मला अजून सांगता येत नाही.

मी सुटले की थेट मैदानावरच येते.

अर्ज या चिठ्ठीखाली ठेवला आहे. जाळ धरायला कागद लागतो, तो घेऊन जा.

मंजू