आईचं कार्टूनमधलं जर्मन

प्रिय आई,

काल हेल्गाबाईंचा निरोपसमारंभ झाला. तुझ्या नर्सरीच्या मुख्याध्यापिका आता कायमच्या जर्मनीला चालल्या. भाषणात त्या अर्धा वेळ तुझ्याबद्दलच बोलल्या आणि सगळा हॉल हसत होता. तू जाऊन वर्ष होत आलं, तरी चांगली बातमी आधी तुलाच सांगायची सवय सुटत नाही. म्हणून लिहितेय.

मंदीत बाबांची कंपनी बंद पडली, तो उन्हाळा आठवतो? इथे आखातात, अल मनखूलच्या इमारतीत आपल्या मजल्यावरची घरं एकेक करून रिकामी होत होती. बाबा दिवसभर फोनवर, "हां हबीबी, सीव्ही भेजा है."

आणि आपण दोघी टीव्हीसमोर. इमारतीच्या डिशवर एक जर्मन चॅनल लागायचं. त्यावर ते जपानी कार्टून: जर्मन खेड्यात बेकरी चालवणारी मुलगी, बशीएवढे डोळे, बोलणं सगळं जर्मन. मला चित्रं पुरायची. तू मात्र पोळ्या लाटता लाटता तिच्यामागून वाक्यं म्हणायचीस.

बाबा वैतागायचे. "अगं, सामान बांधायची वेळ आली आणि तू जर्मन काय शिकतेस?"

"बांधू की. तोवर हिची भट्टी पेटते का बघू दे."

मग खालच्या ग्रोसरीत चिठ्ठी दिसली: नर्सरीत मदतनीस हवी, थोडं जर्मन येणारी. मला सोबत घेऊन तू तशीच गेलीस. ताठ बसून जर्मन बोलायला लागलीस, तसा हेल्गाबाईंचा चेहरा बदलत गेला. मला वाटलं, खलास.

तू काय बोललीस ते मला काल कळलं. कार्टूनमधली मुलगी सगळ्यांना अरेतुरे करायची, आणि तुला तेवढंच येत होतं. मुख्याध्यापिकेला तू म्हणालीस, "ए, तू मला काम दे ना. मी पहाटे उठते आणि कधी रडत नाही."

हेल्गाबाईंना तेव्हा हसू आवरेना, मग डोळे भरून आले. "मी लहानपणी हेच कार्टून बघायचे," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "ती आमच्याच गावची वाटायची. जपान्यांनी काढलीय हे मोठेपणी कळलं."

तू म्हणालीस, "मला तर ती कोथरूडची वाटते."

तुझ्या त्या नोकरीवर आपण इथे टिकलो. पुढे बाबांना हमरिया बंदरात काम मिळालं, तरी ते सगळ्यांना सांगायचे, "आमचं घर कार्टूनने तारलं."

पण आई, मुलांना न्यायला येणाऱ्या बँकेच्या साहेबांनाही तू वर्षानुवर्षं "ए, पोराला टोपी घाल" म्हणत होतीस, हे आम्हाला कधी सांगितलं नाहीस. लपवलंस, की तुला कळलंच नाही? हेल्गाबाई म्हणाल्या, "मी मुद्दाम सुधारलं नाही. ती अशी बोलली की पालकसुद्धा लहान व्हायचे."

शेवटी तुझी नर्सरीतली जुनी मुलं, आता दाढीवाली, त्या कार्टूनचं गाणं म्हणायला उठली. बाबाही उठले. सूर कुठेच लागला नाही, पण किती दिवसांनी ते असे मोकळे हसले!

तुझी नात इरा आता चार वर्षांची आहे. मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देते, कारण चुकलं की मी लगेच टोकते. आज सकाळी धीर करून म्हणाली, "आई, तू आला?" मी म्हटलं, "हो, आला." मग बराच वेळ ती मराठीत बोलत राहिली. यापुढे तिला टोकणार नाही. हे तुला वचन.

तुझीच,
मनू