नटावरची लाल रेघ

प्रिय दादा,

वर्ष होत आलं अन् हे पत्र मी आता लिहून राहिलो. टाळलं, खरं सांगतो. रायपूरला ढाब्यावर होतो तेव्हा एक वही घेतली होती, तिच्यात गिऱ्हाइकांच्या ऑर्डरीच लिहिल्या. मग एका ट्रकवाल्यासोबत जबलपूरला गेलो. काहून गेलो, तेही आठवत नाही. उद्या तुझं वर्षश्राद्ध. आज लिहिलं नाही तर मी पुन्हा पळेन, म्हणून बसलो.

आपल्या दिघोरी गावावरून कोणतंही विमान गेलं की आई अंगणात धावायची, आठवते? "पाह्य, माहा पोरगा चालला!" आता आवाज आला की ती घरात जाते.

त्या दिवशी मी न सांगता तुझ्या पायलट ट्रेनिंगच्या हँगरवर आलो. सोबत गोसीखुर्द धरणाचे झिंगे, झणझणीत रस्सा, डबाभर भात. तू म्हणालास, "ह्या खेपेला मंडईची जत्रा पाहूनच जा रे, भटक्या!"

मेकॅनिक सुधाकरभाऊ इंजिन उघडून बसले होते. नट पान्यानं कसला की त्यावर लाल रेघ ओढायची, असा तुमचा नियम. पण बाटलीतला रंग वाळतो म्हणून भाऊ सगळ्या रेघा आधीच ओढायचे, मग एकेक नट कसायचे. तू चिडवलंस, "काय भाऊ, लग्नाच्या आधीच बारसं?"

मी डबा उघडला. "भाऊ, उठा न! भात थंडा होऊन राहिला."

"एकच नट राहिला, बापू."

"नट काय पळून जाते? झिंगे संपतील!"

अन् मी त्यांना हात धरून ओढलं. मी, दादा. तू हसत होतास.

जेवून भाऊ परतले, सगळ्या नटांवर रेघ दिसली, झाकण लावलं. त्याआधी तूही टॉर्च मारून पाहिलंस. हात का नाही लावून पाहिलास रे? जाऊ दे. तुझ्यावर कायले ढकलू?

उडताना त्या ढिल्या नटातून तेल गळून गेलं, इंजिन जाम झालं. लाखांदूरकडच्या बाया सांगतात, त्या धान कापत होत्या, तू त्यांच्या डोक्यावरून विमान पुढच्या बांधीत, रिकाम्या शेतात नेलंस. तिथं चाक धुऱ्याच्या मातीला अडकलं अन् विमान उलटलं.

चौकशीत भाऊ एवढंच म्हणाले, "माझ्याच हातून राहिला." त्यांचं काम गेलं. कोणी उठवलं, ते त्यांनी सांगितलं नाही. मी परतल्यापासून आई रोज मला वाढताना म्हणते, "त्याचे हात झडो!" अन् मी म्हणतो, "वरण दे थोडं."

असा आहे तुझा भाऊ!

उद्या पिंड ठेवायच्या आधी आईला सगळं सांगेन. घराबाहेर काढलं तर ओट्यावर बसेन, पण गाव सोडणार नाही. तुझी शपथ.

थांब. फाटकाशी कोणीतरी आलं.

दादा, सुधाकरभाऊ! सायकल धरून उभे आहेत, आत येत नाहीत. आई ओरडून राहिली, "कायले आला रे? माहा पोरगा खाल्ला तुनं!" ते मान खाली घालून ऐकून राहिले. अजूनही माझं नाव घेत नाहीत.

उद्या नाही, दादा. आत्ताच जातो सांगायला.

तुझा,
बाळ्या