ओयेली नदीत अडकली आहे

किन्शासा, ४ मार्च

चि. म्बोयोस एकोफोमामाचे आशीर्वाद, हातात उरले आहेत तेवढे.

तू धाडलेला टॅबलेट पोचला. अक्षर तुझ्या मामीचं आहे, तुच्छता माझी. पक्षाघाताच्या झटक्यापासून माझा उजवा हात थरथरतो, म्हणून भाचीनं मला काचेचं खेळणं पाठवावं? मी जन्मभर शाई आणि ब्रशनं चित्रकथा काढल्या. चुकलं की पान फाडलं. तुमच्या काचेवर दोन बोटं टेकवली की चूक गायब! ज्याला चूक भोवत नाही, तो कसला चित्रकार? तुझे लुबुम्बाशीचे दोस्त तर एकच तोंड काढतात आणि तेच सगळ्या चौकटींत चिकटवतात.

फोन करू नकोस. माझी जीभ लोळते आणि तू कीव करतेस, ते मला ऐकू येतं.

तुझ्या आईला, माझ्या भोळ्या बहिणीला, आशीर्वाद. लोभ असू दे, उपदेश नको.

तुझा मामा

लुबुम्बाशी, १९ मार्च

ती. एकोफोमामांस नमस्कार, आणि मामीच्या सोशिक हाताला दोन नमस्कार.

मामा, चित्रं काढत होतात तोवर माज शोभायचा. आता तुम्ही नुसते रुसलेले म्हातारे आहात, आणि त्यांचा या देशात तुटवडा नाही. तुमच्या चित्रकथेतली ओयेली सुक्या माशांची टोपली घेऊन नदीच्या मधोमध बोटीत बसली आहे. या काठावर जकातवाले, त्या काठावर तिचा दुसरं लग्न केलेला नवरा. ‘पुढील अंकी’ लिहून तुम्ही आजारी पडलात. बाजारात अजून विचारतात, ती बाई सुटली का? मी सांगते, नाही, तिचा बाप स्वतःच्या हाताकडे बघत बसलाय.

आणि चूक न पुसण्याची फुशारकी मला नको. तुमच्या मूळ पानांवरचे पांढऱ्या रंगाचे पोपडे मी लहानपणी नखानं खरवडलेत.

टॅबलेटमध्ये रेषा सावरण्याची सोय आहे. हात थरथरला तरी रेघ गुळगुळीत येते. भीती वाटत असेल तर कळवा, परत मागवते.

लोभ आहेच, चित्रं आली तर वाढेल.

आपली म्बोयो

किन्शासा, २ मे

चि. म्बोयोस आशीर्वाद, दातओठ खाऊन.

भीती? मला? घरात वीज नसते म्हणून न्हाव्याच्या जनरेटरवर तुझी काच चार्ज करतो, आणि दाढीला आलेला प्रत्येक गाढव मला चित्रकला शिकवतो! तुझी ती सोय लावून ओयेली काढली. गालावर सुरकुती नाही, टोपलीला वजन नाही, जणू साबणाच्या जाहिरातीतली बाई. मामी म्हणाली, छान आलीय की. मी म्हटलं, तीच तर तक्रार आहे.

सोय बंद केली. मग माझा हात उमटला, अडखळणारा, वेडावाकडा. (तो बघून हा लहान मुलासारखा रडला. लिहू नको म्हणतोय, मी लिहिते. — मामी)

पानं पुरी झाली. न्हाव्यानं कसलंसं बटण दाबून तुला धाडलीत. तू रंग भर. रेषेला हात लावशील तर याद राख.

तुझा मामा

लुबुम्बाशी, २० मे

ती. मामांस नमस्कार.

पानं मिळाली. रंग भरले, आणि रागवा खुशाल, रेषाही गुळगुळीत केल्या. इथली चित्रं काढणारी पोरं आधीच म्हणतात की एकोफो संपला. त्यांना हे थरथरणं दाखवून मी टाळ्या पिटू देणार नाही. जूनअखेर पानं इंटरनेटवर टाकते. सोबत नमुना धाडलाय. तुमच्याच भल्यासाठी आहे.

आपली म्बोयो

किन्शासा, ५ जून

म्बोयो,

आशीर्वाद नाहीत. तू आजवर माझ्या तिरस्काराच्या लायकीची नव्हतीस, आता झालीस. लोक कीव करतील ही भीती मला नव्हती, तुला होती. तुझीच कीव तू रंगवून मला धाडलीस. पावडर मढ्याला लावतात. मी अजून श्वास घेतोय. त्या पानांवरून माझं नाव काढ.

(मामाचं जेवणावरून मन उडालंय. काहीतरी कर. — मामी)

लुबुम्बाशी, २९ जून

ती. मामांस नमस्कार, मान खाली घालून.

पत्र वाचून आधी मीही तुम्हाला शिव्या घातल्या. मग दोन्ही तऱ्हेची पानं आईपुढे ठेवली. गुळगुळीत पान बघून ती म्हणाली, छान आहे, कोणी काढलं? तुमचं पान मात्र तिनं जवळ ओढलं. ओयेलीच्या हातावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, एवढा म्हातारा झाला का गं तो, आणि मला कोणी सांगितलं नाही. रेल्वेनं आणि पुढे बोटीनं येते म्हणतेय तुम्हाला भेटायला. अडवून ऐकणार नाही.

कीव माझीच होती, मामा. गेल्या आठवड्यात तुमची पानं टाकली, तुमच्याच रेषेत. ओयेली नवऱ्याच्या डोक्यावर टोपली उपडी करते, तिथे बाजारातल्या बायका फोन हातात घेऊन खिदळतात. ‘संपला’ म्हणणाऱ्यांतला एक काल घरी आला. म्हणाला, नदीचं पाणी खरंच हलतंय, मामांनी कुठली युक्ती वापरली?

लोभ तुटला असेल तर सांधून घ्या.

आपली म्बोयो

किन्शासा, १७ जुलै

चि. म्बोयोस आशीर्वाद, पुन्हा सुरू.

तुझी आई पोचली. आल्या क्षणापासून रडत रडत मला भरवते आहे. तिला घेऊन जा. पुढची पानं मी सुरू केली आहेत, तिच्या रडण्याच्या आवाजात.

त्या तुझ्या दीडशहाण्याला सांग, युक्ती कसली! मी नदी अगदी शांत काढायला बसलो होतो.

तुझा मामा