नऊ नंबरचा आवाज

अमरावती, मंगळवार, संध्याकाळ

वाजवायचा कीबोर्ड विकून कम्प्युटर घ्यायचा, सॉफ्टवेअरमध्ये हजार आवाज मिळतात, म्हणून आज सलीमभाईच्या दुकानात गेलो. त्यांनी दोन बटणं दाबली. "मेमरी साफ केली, भाऊ. गिऱ्हाइकाले कोराच द्या लागते."

म्हणजे नऊ नंबरही गेला? मी कॉलेज सोडलं त्याच्या आदल्या दिवशी माझ्या वर्गातल्या प्रणालीनं बटणं फिरवून तिथं एक आवाज बनवला होता. बासरीसारखा, थोडा रडका. मी लिहून ठेवलं नाही. कावून नाही ठेवलं?

सलीमभाईवर ओरडलो. "तूच तं आणला, राजा. मी काय तुह्या घरून उचलला?"

कीबोर्ड परत आणला. नऊ दाबला. साधा पियानो. कोणती बटणं फिरवली ते तिलेच माहीत, अन् पुढच्या महिन्यात अकोल्याले तिचं लग्न आहे.

पुन्हा नऊ दाबला. पियानोच.