तारकाबंदरचा चौथा भाग

१४ नोव्हेंबर १९८२, रविवार
आजपासून रोजनिशी. ही कोणी वाचण्यासाठी नाही. तरी अक्षर चांगलं ठेवायचं.

काल कार्ड आलं! कादंबरीकार घनश्याम नाकाडे खुद्द आंधळगावला येणार. १२ डिसेंबर, आमच्या वाचनालयाचा वर्धापनदिन. नाकाडे नागपूरच्या एका दैनिकाचं रविवारचं पान बघतात. विज्ञानकथा आणि अद्भुतकथांच्या परीक्षणाचं सदर काढायचं आहे, लिहिणारा माणूस हवा. त्यांच्या ‘तारकाबंदर’ कादंबरीवर मी बोलायचं, ते ऐकणार, मग ठरवणार. म्हणजे ठरल्यातच जमा. या जिल्ह्यात विज्ञानकथेसाठी घसा कोरडा करणारा दुसरा आहे कोण?

निश्चय : ‘तारकाबंदर’ संपवणे. चारपैकी तीन भाग वाचून झाले. चौथा तेवढा राहिला.

हे भाग माझ्याच डोक्यातून निघाले. जाड कादंबरी एका घरी गेली की धान कापून, मळून होईपर्यंत परत येत नाही. म्हणून मी ठराव मांडला : शिलाई उसवा, चार भाग करा, प्रत्येकाला पुठ्ठा घाला, चार घरी चार भाग फिरू द्या. आमचे चिटणीस नत्थूजी म्हणाले, पुस्तकाचे तुकडे कराचे काय जी? मी म्हणालो, कोहळं चिरल्याशिवाय शिजत नाही! टाळ्या. एकमताने मंजूर.

१५ नोव्हेंबर
शाळेत सांगून टाकलं की सदर मिळालं. हेडमास्तरांनी विचारलं, भाषणाची तयारी? म्हणालो, लिहून तयार आहे. लिहायला वेळ तो किती लागणार.
भंडाऱ्याला रबरी शिक्का करायला टाकला : ‘केवळराम शहारे, समीक्षक’.

१९ नोव्हेंबर
चौथा भाग तेजरामकडे, असं नत्थूजी म्हणाले. तेजराम म्हणजे चौकातला पानठेलेवाला. गेलो. दिला म्हणे रुखमाबाईले. वर मलाच विचारतो, गुरुजी, तुमचं काय मत, शेवट बरोबर हाय का नाही? मी मान अशी हलवली की तिचे दोन्ही अर्थ व्हावेत.
आता वाचला नाही म्हणायची सोय राहिली नाही. सारं गाव मला विचारून राहिलं.
कळलं की या लोकांनी दुसरा, तिसरा भाग न वाचताच चौथा वाचला. शेवट आधी वाचणं म्हणजे लग्नाआधी बारसं! यावर एकदा जाहीर बोललं पाहिजे.

२१ नोव्हेंबर
भाषणाची सुरुवात लिहिली. पुण्यामुंबईचे पंडित विज्ञानकथेला पोरखेळ म्हणतात. मी म्हणतो, ज्याच्या घरची वीज रोज संध्याकाळी जाते, त्यालाच तारे दिसतात! हे वाक्य लिहिताना माझ्याच अंगावर काटा आला.
कथानक थोडक्यात : कर्णधार यशोधन गरोदर बायकोला सोडून अंतराळात जातो. त्याचं यान इतकं वेगात की यानातलं एक वर्ष म्हणजे पृथ्वीवरची कित्येक वर्षं. तिसऱ्या भागाच्या शेवटी इंजिन बंद, हवा संपत आलेली, आणि यशोधन यानाचं तोंड पृथ्वीकडे वळवतो. मग?
मग काय ते रुखमाबाईंच्या घरी.

२४ नोव्हेंबर
रुखमाबाई शेजारच्याच. ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. पाठभेद पाहायचा आहे, अशा बहाण्याने चौथा भाग मागितला. म्हणाल्या, जावई घेऊन गेले जी चिखल्याले. मग पदर डोळ्याला लावला. म्हणाल्या, परवा वाचलं, अजून डोये भरते. काळीज फाटलं जी माझं.
मी म्हणालो, हं. काय झालं, ते मात्र विचारता येईना. समीक्षकाने असं विचारायचं?
घरी येऊन विचार केला. रुखमाबाई आई आहेत. आईचं काळीज केव्हा फाटतं? गेलेला परत येत नाही तेव्हा. म्हणजे यशोधन परतत नाही! समीक्षा म्हणजे दुसरं काय, अनुमानच.

२८ नोव्हेंबर, रविवार
तरी खात्री केलेली बरी म्हणून चिखल्याला गेलो. तुमसरपर्यंत बस, पुढे मँगनीजच्या ट्रकमध्ये. धोतर काळं.
जावई, खुशाल त्याचं नाव, खाणीत उतरलेला, आणि पुस्तक त्याच्या डब्याच्या पिशवीत. तारकाबंदर जमिनीखाली! त्याची बायको म्हणाली, बसा ना जी, शिफ्ट सुटली की येतेच वर. चहा दिला. येण्याचं कारण सांगितलं, वाचनालयाची पाहणी. मग तिने विचारलं, तुमाले कसा वाटला जी शेवट? म्हणालो, भेदक. ती म्हणाली, आमचे हे म्हणते, भल्लाच गोंधळ हाय. म्हणालो, भेदक गोंधळ.
शिफ्ट सुटायच्या आधी परतीचा ट्रक निघाला. निघावं लागलं.

३० नोव्हेंबर
आमच्या सौ. निर्मला जेवताना म्हणाली, तुमाले तारकाबंदरचं काई विचाराचं हाय काय? रुखमाबाईकडे मीही वाचली. म्हणालो, साहित्य राहू दे, वरणात मीठ नाही ते बघ.
ती म्हणाली, ठीक हाय.

४ डिसेंबर
खुशालने भाग परत धाडला नाही. कारध्याला त्याचा कोणी मित्र आहे, त्याला दिला. नत्थूजींवर ओरडलो. ते शांतपणे म्हणाले, पुस्तक फिरलं पाहिजे म्हणून तुमीच तं सांगतलं जी.
झोप नीट नाही.

८ डिसेंबर
आता निर्णय. चौथ्या भागाची गरजच नाही. वैद्य नाडीवरून रोग सांगतो, सगळं शरीर फाडून बघत नाही. तीन भागांची नाडी माझ्या हाती आहे. यशोधन परतत नाही, परतूच शकत नाही!
भाषणाचा शेवट लिहिला. बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या बांधावर उभा राहून म्हटला. पलीकडे धान मळणारी माणसं थांबून बघू लागली. परिणाम होतो.

११ डिसेंबर, शनिवार
नाकाडे आले. उतरले आमच्याकडेच. बारीक, मऊ बोलणारे गृहस्थ. माणूस कुठला, मांजर वाटतं; पण लेखणीत सूर्य! जेवताना म्हणाले, पुण्याच्या एका टीकाकाराने शेवटाला अगदी सोपा म्हटलं, ते मनाला लागलं, तुम्हाला कसा वाटला ते ऐकायची फार इच्छा आहे.
निर्मला भात वाढता वाढता म्हणाली, मले तं... मी मध्येच म्हणालो, उद्या सभेत! आज नाही!
नाकाडे हसले. सोपा? यात सोपं काय आहे?

१२ डिसेंबर, सकाळ
पहाटे तीनलाच जाग. मोठ्या वक्त्यांना येतेच.
शिक्का आला आहे. सही करताना लागेल म्हणून खिशात ठेवला.

१३ डिसेंबर
काल लिहिलं नाही. आज लिहितो, क्रमाने.
सभा मोठी झाली. बायका पुढे, चटईवर. आंधळगावात कोणत्या कादंबरीला एवढी गर्दी झाली नव्हती. माझा आवाज लागला. ताऱ्यांचं वाक्य आलं, टाळ्या पडल्या. नाकाडेंनी डोळे मिटून ऐकलं. मी चढत गेलो. थांबायला हवं होतं का? नाही, भाषण थांबवता येत नाही, ते बैलासारखं घराकडेच धावतं. मी हात वर केला आणि गरजलो : अनंत अवकाशाने यशोधनला गिळलं, आणि लेखकाने गिळू दिलं! तो परतत नाही! हे धैर्य आहे! मराठी कादंबरीने नायकाला घरी आणून पाटावर बसवायची सवय इथे मोडली आहे!

टाळ्या नाहीत. रुखमाबाई पुढच्या रांगेतून म्हणाल्या, वापस आला ना जी तो.
मी म्हणालो, प्रतीकात्मक अर्थाने.
तेजराम मागून ओरडला, कायचं प्रतीक गुरुजी! घरी येते, फाटक उघडते, पोरगा सत्तर वर्षाचा होऊन बसला हाय अन् बाप तीस वर्षाचा! नत्थूजीही म्हणाले, एकशे नव्वदाव्या पानावर हाय जी. मी नाकाडेंकडे पाहिलं. ते चटईकडे पाहत होते.

मग जे झालं त्यात माझा काही भाग नाही. कळलं की महिनाभर गावात एकच वाद चालू आहे : म्हाताऱ्या मुलाने तरुण बापाच्या पाया पडायचं, की बापाने मुलाच्या? कादंबरीत मुलगा वाकतो, पण त्याआधी बापच त्याच्या पायांवर कोसळतो. तेजराम म्हणाला, बाप तो बाप, उमरीचं काय? कोणी म्हणालं, सत्तरीच्या माणसाले वाकवता काय बे, मणका मोडन त्याचा! एक म्हातारा म्हणाला, माह्या सावत्र मायच्या मी पाया पडतो, ती माह्यापेक्षा दहा वर्षानं लहान हाय, आता बोला. हसू उसळलं. रुखमाबाई म्हणाल्या, उमर कोणाची मोठी? ज्यानं वाट पायली त्याची.
नाकाडेंनी खिशातून पेन काढलं आणि हे लिहून घेतलं.
सभा दिवे लागेपर्यंत चालली. मी खुर्चीवर होतो. आभार मानायला नत्थूजींनी मला उठवलं. मानले.

घरी निर्मलाने पान वाढलं. वरणात मीठ बरोबर होतं.

१४ डिसेंबर
सकाळी नाकाडेंना बसवर बसवलं. म्हणाले, फार दिवसांनी वाचक भेटले. ‘वाचक’ म्हणाले, ‘लोक’ नाही. त्यात मी येतो. सदराचं बोलले नाहीत, पण मोठी माणसं अशा गोष्टी बसस्टँडवर बोलत नाहीत.

१८ डिसेंबर
कार्ड नाही. टपालखात्याचा कारभार.

२६ डिसेंबर, रविवार
कार्ड काल आलं. सदर नागपूरच्या एका प्राध्यापकांकडे गेलं. नाकाडे लिहितात, आपला आवाज फार खणखणीत आहे, आकाशवाणीसाठी अवश्य प्रयत्न करावा.

दुपारी नत्थूजी चौथा भाग घेऊन आले. कारध्याहून आला. म्हणाले, ठेवू का कपाटात? म्हणालो, राहू द्या इथे.
वाचला. एका बैठकीत. यशोधन फाटकाशी पोचतो. अंगणात एक म्हातारा दोरी वळत बसलेला असतो. यशोधन त्याला विचारतो, बाबा, या घरचे लोक कुठे गेले? म्हातारा मान वर करतो, बघत राहतो, आणि म्हणतो, आई सांगायची तसेच दिसता.
पुढचं नीट दिसेना. चष्मा पुसला, तरी दिसेना.

कोणाशी तरी बोलावंसं फार वाटलं. निर्मला रुखमाबाईंकडे गेली होती. शर्ट घालून ठेल्यावर गेलो. तेजरामला म्हणालो, अरे, तो म्हातारा दोरी वळत असतो ना...
तो म्हणाला, ते तं सरलं जी गुरुजी. आता दुसरी घेतली आमी, समुद्राखालच्या राजाची. तिसऱ्या भागात हाओ.
मी तरी थोडं सांगितलं. फाटकापर्यंत. त्याने पान लावून दिलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.