पाटातला बाप्तिस्मा

शांतवन भाऊजी, सलाम.

लहानपणी डोक्यावर शिंपडलेलं पाणी मला आठवत नाही. म्हणून या वयात समजून-उमजून पुन्हा बाप्तिस्मा घ्यायचं मी ठरवलं. तुम्ही आपल्या चर्चच्या मंडळीचे पंच. भर सभेत म्हणालात, "वहिनी, दुसऱ्यांदा पाण्यात उतरलात तर दादाशेजारची कबरीची जागा इसरा." ती जागा मला हवी आहे. हे गेल्यापासून रोज हवी आहे.

पण मी वाचलंय, पाचशे वर्षांपूर्वी युरोपात याच हट्टापायी बायकांना नदीत बुडवून मारलं. वर चेष्टा, "पाणी पाहिजे ना? घ्या पाणी!" तरी "चुकलं" म्हणाल्या नाहीत. काही तर गात गेल्या.

आज सकाळी शेवगावच्या चर्चच्या पाळकांनी मला पाटाच्या पाण्यात बुडवलं. नाकातोंडात पाणी गेलं, तरी मी गातच वर आले. काठावर तुमची बायको भागूबाई माझं कोरडं लुगडं घेऊन उभी होती. ते माझ्या हातात कोंबून म्हणाली, "धरा आक्का, आता मी उतरते."

हे पत्र मी पाठवत नाही. तुम्ही नगरहून आलात की तीच सांगणार आहे. मग एक नाही, दोन कबरींना नाही म्हणा.

तुमची वहिनी,
सगुणा